ग्रहणातला चिकू आणि माशांचे जबडे

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

डहाणू रोड,
कार्तिक शुद्ध दशमी, गुरुवार
२ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. निलम हिस,

थोरल्या जाऊचे, म्हणजे अहिल्येचे, अनेक आशीर्वाद. देवीच्या कृपेने इकडे सगळे उभे आहेत (परेश कालपासून उभा आहे, त्याआधी आठ दिवस आडवा होता, ते पुढे येईलच). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? गेला नसेल तर शाळेतला खडू कमी करायला सांग, औषधाने काही होणार नाही. चि. सुदर्शनची सहामाही कशी गेली ते कळव. डहाणूहून तलासरी एसटीने तासाभरावर, आणि मी तुला पत्र लिहिते आहे, तेही अकरा वर्षांनी. मधल्या काळात मामंजींच्या श्राद्धाची तिथी कळवणारी कार्डं धाडली, पण त्यांना पत्र म्हणायची माझी हिंमत नाही. कागदाच्या पाठीमागे जे निळे बाण नि गोल दिसतील ते पाहून गोंधळू नकोस. तो माशाचा जबडा आहे. परेशने काढला, चुकला, आणि फेकून देत होता. एवढा चांगला जाड कागद एका बाजूने कोरा, मी ठेवून घेतला.

आता एक विनंती. पुढचं वाचून हे पत्र मध्येच फाडू नकोस. विषय ओठाचा आहे. आपल्या घरात पंधरा वर्षं जे बोललं गेलं, की ऐंशी सालच्या माघी अमावास्येला, भर दुपारी ग्रहण लागलेलं असताना निलमने चिकू कापून खाल्ला, म्हणून सुदर्शन फाटक्या ओठाचा झाला, त्याच विषयावर मला चार पानं लिहायची आहेत. सासूबाईंना चुलीमागे साली आणि दोन काळ्या बिया सापडल्या होत्या. तू एकदाच म्हणालीस, "मी विळीला हातसुद्धा लावला नव्हता," आणि पुन्हा कधी बोलली नाहीस. मी तेव्हा पोळ्या लाटत होते. मग चौऱ्याऐंशीच्या भाऊबीजेला त्या चार वर्षांच्या पोराने ओवाळून घेताना विचारलं की आमच्या सईच्या ओठावर रेघ का नाही, आणि सासूबाईंनी पाटावरच्या सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला कारण सांगितलं. तू उठून पिशवी भरलीस ती भरलीसच. तुमच्या घरात चिकू येत नाही असं भावोजी मागे ह्यांच्याशी बोलले होते. डहाणू तालुक्याच्या वेशीवर राहून चिकू न खाणं म्हणजे काय, ते मी समजते.

तर परेश. तो मुंबईला संशोधन करतो एवढं तुला ठाऊक आहे. कशाचं, ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. ह्यांच्या पार्सल ऑफिसात कोणी विचारलं की हे "सायन्समध्ये आहे" असं म्हणून लगेच पावतीपुस्तक उघडायचे. तो करतो माशांच्या तोंडाचं. अंड्यातल्या माशाला तोंड कसं घडतं, वरचा जबडा वरच आणि खालचा खालीच का येतो, याचं. चार वर्षं, शिष्यवृत्ती घेऊन. दिवाळीत त्यांच्या संस्थेत माशांच्या खोलीची डागडुजी निघाली, तेव्हा हा दोन थर्मासांत बारा मासे घालून, ते मांडीवर धरून घरी आला. करंगळीच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर पायजम्याच्या कापडासारखे निळे पट्टे. चातुर्मासात कांदाही उंबरठ्याआत न येणारं आपलं घर. सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, हे काय आणलंस. परेश म्हणाला, आजी, खायला नाहीत, बघायला आहेत. त्या म्हणाल्या, बघायला समोर अख्खा समुद्र आहे. आणि शुक्रीने (ती अजून आपल्याकडेच आहे, गुडघे दुखतात पण जीभ शाबूत) थर्मासात डोकावून विचारलं की यांना पैसे किती पडले, कारण "अशा मासल्या तं आमच्या रानशेतच्या वहळात पोरां फडक्यानं धरतात." परेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मागच्या पडवीत लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या मांडल्या (लोणचं मी तीन डब्यांत वाटून टाकलं, आता कोणता डबा कशाचा ते कळत नाही). एका बरणीला पांढरा दोरा, एकीला लाल. पांढरे मासे साधे. लालही दिसायला अगदी तसेच, तोंडाने धडधाकट, पण परेश म्हणाला की खरी गंमत लालांची आहे. त्याने मला जे सांगितलं ते मी मॅट्रिकच्या अकलेने सांगते, चुकलं तर सुदर्शन दुरुस्त करील. प्रत्येक पेशीत चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. त्या चिठ्ठ्यांना जनुकं म्हणायचं. तोंड घडायची वेळ आली की डोक्याच्या मागल्या बाजूने पेशींचे जथे निघतात, गळ्याच्या कडेने खाली उतरतात, आणि आपापली चिठ्ठी वाचून कोणी वरच्या जबड्याच्या कामाला लागतं, कोणी खालच्या. खालच्या जबड्याची चिठ्ठी एका गठ्ठ्यात कोरी असली तरी दुसऱ्यातली वाचून काम भागतं. लाल दोऱ्याच्या माशांचं तसंच आहे, एकेक चिठ्ठी कोरी, पण वरून कळणार नाही. मात्र पिल्लाला दोन्हीकडून कोरीच आली, की बिचाऱ्या पेशी ठरल्या जागी वेळेवर पोचतात, आणि तिथे काय करायचं ते माहीत नसल्यामुळे खालीही वरच्यासारखंच काहीतरी रचून ठेवतात. जबड्याला बिजागरीच राहत नाही. यात त्या पेशींचा आळस नाही की माशिणीची चूक नाही.

हे सगळं तो मी करंज्या करत असताना सांगत होता. मी विचारलं, आणि माणसाचं? तर म्हणाला, माणसाचं एवढं सोपं नाही, तिथे एक चिठ्ठी नसते, अनेक असतात, आणि आणखीही कारणं असतात, अजून कोणाला पुरती कळलेली नाहीत. पण माणसाचाही ओठ अखंड येत नाही, तुकड्यांनी येतो, दोन गालांकडून आणि मधून कपाळाकडून, आणि नाकाखाली जुळतो. मग त्याने माझ्या हातातली करंजी उचलली, एका बोटभर जागी कड सुटली होती, आणि म्हणाला, "आई, सुदर्शनची एवढी कड जुळायची राहिली. सारण तेच, पारी तीच, हातही तोच." मी ती करंजी तळलीच नाही. किती वेळ हातात धरून बसले होते. मग विचारलं, आणि ग्रहण? तो हसला. देवाने त्याच संध्याकाळी त्याला थंडीताप दिला.

लक्ष्मीपूजनाचा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. घरात वेध पाळायचे, फराळावर दर्भ ठेवायचे, आणि मुलगा दोन रजयांखाली दात वाजवत सांगतोय की आई, उद्या मासे अंडी घालतील, एवढं बघ. ही जात उजाडलं की अंडी घालते आणि घातली की स्वतःच खाऊन टाकते. म्हणून तळाशी गोट्या पसरायच्या, अंडी फटींतून खाली जातात आणि आईबापांचं तोंड पोचत नाही. परेशच्याच लहानपणच्या गोट्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या (तेव्हा हे मला हसले होते). सहाला पडवीतला दिवा लावला, अर्ध्या तासात बरण्यांच्या तळाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी. तशीच पारदर्शक, फक्त साबुदाण्याहून बारीक. ती काढून दोन वाडग्यांत घेतली. परेशने सांगितलं होतं तेवढं इथे संपलं. यापुढचं मी माझ्या मनाने केलं, आणि ते मी अजून कुठल्याही पूजेत देवापुढे बोललेले नाही.

लाल दोऱ्याच्या अंड्यांचा वाडगा मी देवापुढे ठेवला. वर दर्भ, तुळशीचं पान, आणि दहा हातांच्या अंतरात सुरी, विळी, कात्री काही नाही. मी शेजारच्या कमळाबेनना निरोप देऊन त्यांच्या कुंपणावर चालणारी कोयतीसुद्धा थांबवली. पांढऱ्या दोऱ्याच्या अंड्यांचा वाडगा स्वैपाकघरात नेला, दार लोटलं, आणि सूर्य अर्धा खाल्ला गेलेला असताना विळीवर बसून, वाडग्याला दिसेल असा, एक चिकू कापला. चार फोडी केल्या. तोंडाने विष्णूचं नाव चालू होतं आणि मधूनच म्हणत होते की दोष लागायचा असेल तर मला लागू दे, या साबुदाण्यांना नको. देवाची परीक्षा बघितली असं समजू नकोस. देवाला साक्षीला बसवलं, एवढंच. (परेश नंतर म्हणाला की त्या वेळी अंड्यांना तोंडच काय, डोकंही नव्हतं, चार-दोन पेशींचे गोळे होते. मी म्हटलं, मग उत्तम, पुढचं सगळं घडणं ग्रहणाच्या नंतरचं, बिघडायला भरपूर वाव.)

साडेनऊला ग्रहण सुटलं. मी आंघोळीला गेले आणि तिथेच घोटाळा झाला. ग्रहण सुटल्यावर घरातलं साठवलेलं पाणी ओतून द्यायचं, हे सासूबाई विसरतील तर सूर्य उगवायचा नाही. त्यांनी झोपाळ्यावरून शुक्रीला हुकूम सोडला. हंडा, कळशी, माठ, आणि देवापुढचा वाडगा. मी ओल्या लुगड्याने पळत आले तर वाडगा पालथा, आणि शुक्री चहाची गाळणी हातात धरून उभी. मी काही बोलण्याआधी म्हणाली, "पानी टाकलं, बाय. पोरां ठेवलीत." सांगितलं पाणी टाकायला, पोरं टाकायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने गाळून घेतली होती. लगेच ताज्या पाण्यात सोडली. परेश रजईतून म्हणाला, आमच्याकडेही चहाच्याच गाळणीने गाळतात. संस्थेत एवढी यंत्रं आणि शेवटी गाळणी, मग आमच्या शुक्रीला शिष्यवृत्ती का नाही, असं मी विचारल्यावर त्याने तापाचं निमित्त करून रजई डोक्यावर ओढली. ती गाळणी आता माशांची. ह्यांना अजून कळलेलं नाही की नवीन आणेपर्यंत दोन दिवस चहा कशातून गाळला. तू बोलू नकोस.

मग पाच दिवस मी त्या दुर्बिणीला (खाली बघायची दुर्बीण, परेशने बरोबर आणली होती) डोळा लावून होते. मेलेली अंडी पांढरी होतात, ती काढायची. दुसऱ्या दिवशी एकात हृदय चालताना दिसलं, मी तिथल्या तिथे हात जोडले. तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर आली, सुईच्या टोकाएवढे डोळे, नुसती पडून. पाचव्या दिवशी तोंडं उघडमीट करू लागली. आणि निलम, चिकूच्या वाडग्यात बासष्ट पिल्लं जगली, बासष्टांचीही तोंडं धड. मी एकेक बघितलं. दर्भाच्या, तुळशीच्या, कोयती थांबवलेल्या वाडग्यात अठ्ठ्याऐंशी जगली, त्यांतल्या तेविसांना खालचा जबडा नव्हता. तोंडाच्या जागी नुसती खोबण, मिटतच नाही. परेश बिछान्यात उठून बसला, म्हणाला, बरोब्बर, चौथा हिस्सा. मी म्हटलं, चौथा हिस्सा बावीस होतो, एक जास्त आहे. तीनदा मोजले तरी तेवीसच. तो म्हणाला, आई, हे नाणं उडवण्यासारखं असतं, एखादं इकडेतिकडे व्हायचंच. मला ते पटलेलं नाही, पण तो एक कोणाच्या माथी मारणार?

त्या तेविसांना भरवायचा मी प्रयत्न केला. परेश नको म्हणत होता. पोटाला बांधून आणलेली पिवळी शिदोरी चार-पाच दिवस पुरते, पुढे तोंडाने खावं लागतं, आणि यांना ते जमत नाही. मी ड्रॉपरने बारीक काहीतरी सोडत बसले होते आणि मला एकदम तुझं बोंडलं आठवलं. त्या चांदीच्या बोंडल्याने थेंब थेंब दूध घालत तू दोन दोन तास सुदर्शनला मांडीवर घेऊन बसायचीस, नाकातून परत आलं की पुसून पुन्हा पहिल्यापासून. मी शेजारी सईला पदराखाली घेतलं की तू भिंतीकडे तोंड करायचीस. आठव्या महिन्यात वलसाडच्या डॉक्टरांनी टाके घातले तोवर तू त्याला जगवलंस, त्याचं घरात कोणी नाव काढलं नाही. नाव निघायचं ते चिकूचं.

ताप उतरल्यावर परेशने काही मेलेली पिल्लं कसल्याशा आंबूस वासाच्या रंगात ठेवली. त्याने मांस काचेसारखं होतं आणि हाड व्हायच्या आधीची कुर्चा तेवढी निळी दिसते. निळ्या रेशमाने काढल्यासारखा जबडा, निलम. मी सासूबाईंना हात धरून आणलं. एक डोळा मिटून त्यांनी बघितलं, आणि कृष्णाचा रंग आहे म्हणाल्या. मग बिनजबड्याचं बघितलं. बराच वेळ बघितलं. स्वतःचं बोळकं आतल्या आत हलवलं. परेशने त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलं, दोन्हीकडून येतात, आईबाप धडधाकट दिसतात तरी आत असतात, पिढ्या उलटून वर येतात. संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंक उघडली आणि त्यांच्या आशागडच्या थोरल्या भावाचा, दादांचा, फोटो काढून आणला, तो भल्या मोठ्या मिशांचा. पदराने पुसला आणि म्हणाल्या, "दादा मिशी कधी काढायचा नाही. न्हावी घरी यायचा तेव्हा दार लावून घ्यायचा." एवढंच. फोटो आता देवघराच्या बाजूला ठेवला आहे आणि त्याला कोणी काही विचारायचं नाही असा घरात नियम झाला आहे. (परेश मला बाजूला म्हणाला की यावरून काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, चिकूवरून तरी कुठे झालं होतं, तरी पंधरा वर्षं चाललं.)

शेवटची गोष्ट, आणि ती तू भावोजींनाही वाचून दाखव. माणसाचा ओठ दुसरा महिना संपायच्या आत जुळून झालेला असतो. जुळायचा तर तेव्हाच, राहायचा तर तेव्हाच. ऐंशी सालच्या ग्रहणाला तुला पाचवा महिना होता. म्हणजे सूर्याला ग्रहण लागलं तेव्हा सुदर्शनचा ओठ जसा व्हायचा तसा होऊन तीन महिने झाले होते. त्या दुपारी कोणी चिकू कापला असता, फणस कापला असता, तरी त्याला काही व्हायचं नव्हतं. मी हे बोटांवर, पंचांगावर आणि परेशच्या पुस्तकावर, तिन्हीकडे मोजून पाहिलं आहे.

तर असं आहे. भावोजींना नमस्कार, सुदर्शनला पोटभर आशीर्वाद.

तुझी,
सौ. अहिल्या

ता. क. १ : मुद्द्याचं राहिलंच. भाऊबीज कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत. सई पाट मांडून बसली आहे. परेशला तिने ओवाळलं नाही, म्हणते दोघांना एकदम ओवाळीन. सुदर्शनला घेऊन ये. एसटी सकाळी आहे. मुक्कामाला ये, श्राद्धाला येतेस तसं पिशवी हातात धरून नको. हे पत्र आणि सोबत अर्धा डझन चिकू शुक्रीच्या नणंदेच्या, भिकीच्या हाती धाडते आहे. चिकू खायचे की रस्त्यावर टाकायचे ते तुझं तू ठरव.

ता. क. २ : हे सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तो चिकू मी खाल्ला होता. मला चौथा महिना होता, सईच्या वेळची वासना तुला आठवत असेल, मी भिंतीचा चुनाही खरवडला होता. तू मधल्या खोलीत मांडीवर दर्भ घेऊन अडीच तास पुतळ्यासारखी बसलीस, घोट पाणी प्यायली नाहीस. मी दार लोटून विळीवर बसले होते. साली चुलीमागे मी टाकल्या. सईचा चेहरा तू पाहतेसच. पोळ्या लाटता लाटता मला बोलता आलं असतं. नाही बोलले. सासूबाईंची भीती होती असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे सई धड झाली होती आणि मला वाटलं, बोलले तर तिचंही काही बिघडेल.

ता. क. ३ : घरातून जाणारं पत्र सासूबाईंना वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही, हा शिरस्ता तुला माहीत आहे. वाचून दाखवलं, ता. क. २ गाळून. त्या म्हणाल्या, एकानंतर थांबलीस कशी, तुझी नजर खाली गेलेली मला दिसली, राहिलंय ते वाच. वाचलं. झोपाळा थांबला. कड्या करकरायच्या बंद झाल्या की या घरात किती शांत होतं ते मला ठाऊकच नव्हतं. मग म्हणाल्या, निलमला लिही की मी बोलावलंय, तू नाही, मी. ते लिहिलं. मी उठणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "अहिल्ये, निदान गोड तरी होता का?"

नव्हता गं निलम. कच्चा होता. चीक लागून ओठ एकमेकांना चिकटून बसले होते.